विमानात शेजारची जादा सीट विकत घ्यावी का? लांबच्या प्रवासासाठी मार्गदर्शन हवे आहे

कोथरूडकर

सर्वांना नमस्कार. येत्या डिसेंबरात मी आणि माझे यजमान मुलीकडे न्यू जर्सीला जाणार आहोत. मुंबईहून थेट विमानाने गेलो तरी पंधरा-सोळा तास बसून काढावे लागतात आणि त्याचीच मला काळजी वाटते आहे. यजमान सहा फुटांहून उंच आहेत, वजन सव्वाशे किलोच्या आसपास आहे आणि खांदे चांगलेच रुंद आहेत. याआधीच्या परदेशप्रवासात त्यांनी सगळी रात्र अंग चोरून, एक खांदा पुढे काढून घालवली. उतरल्यावर त्यांची पाठ जी धरली ती बरेच दिवस सुटली नाही. शेजारचे गृहस्थ सज्जन होते, काही बोलले नाहीत. परंतु त्यांनाही त्रास झाला असणारच, आणि यजमानांना स्वतःच्या पाठीपेक्षा त्याचेच अधिक वाईट वाटले.

म्हणून या वेळी त्यांच्या शेजारची एक सीट रिकामी ठेवण्यासाठीच विकत घ्यावी असा विचार आहे. अशी सीट कोणाच्या नावाने घ्यायची, तिला पूर्ण भाडे पडते का, आणि विमान भरलेले असेल तर आयत्या वेळी ती दुसऱ्या कोणाला दिली जाते का, हे मला जाणून घ्यायचे आहे. बिझनेस क्लास आम्हाला झेपणारा नाही. प्रीमियम इकॉनॉमी ओढूनताणून जमेल, पण तिचा या अडचणीवर खरोखर उपयोग होतो का, याची खात्री नाही. वजनाबाबत डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत, त्यामुळे कृपया उत्तरे प्रवासापुरतीच द्यावीत, ही विनंती.

दादरचा एजंट

ताई, मी आयुष्यभर विमानतिकिटांचे काम केले आणि आता निवृत्त आहे. तुम्ही विचारलेली सोय बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांकडे असते, मात्र तिची जाहिरात कोणी करीत नाही आणि ती नीट नोंदली गेली नाही तर पैसे भरूनही हाती काही लागत नाही. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम यजमानांना नेमके काय कमी पडते ते ठरवा: रुंदी की पाय पसरायला जागा. जादा सीट फक्त रुंदी देते. पुढच्या सीटचे अंतर तेवढेच राहते आणि पाठही तेवढीच मागे जाते. बोइंग ७७७ मध्ये आज अनेक कंपन्या इकॉनॉमीच्या एका रांगेत ३-४-३ अशा दहा सीटा बसवतात आणि तेव्हा एका सीटच्या वाट्याला साधारण १७ इंच रुंदी येते. एअरबसने २०१३ मध्ये लांब पल्ल्याच्या इकॉनॉमीसाठी किमान १८ इंचांचा आग्रह धरला होता, तो याच इंचाच्या फरकासाठी. प्रीमियम इकॉनॉमीत रुंदी साधारण १९ इंचांपर्यंत जाते आणि पाय ठेवायला बरीच अधिक जागा मिळते. परंतु तिथे जेवणाचा ट्रे बहुधा आर्मरेस्टच्या आत असतो, त्यामुळे आर्मरेस्ट वर उचलता येत नाही. म्हणजे ज्यांना खांद्याची आणि कमरेची अडचण आहे त्यांना प्रीमियममध्ये दोनच इंच अधिक मिळतात, तर इकॉनॉमीच्या दोन सीटा घेऊन मधला आर्मरेस्ट उचलला की मिळणारी जागा दुप्पट होते. तुम्ही वर्णन केलेला त्रास रुंदीचा आहे, म्हणून माझे मत जादा सीटच्या बाजूने आहे.

आता पैशांचे. जादा सीटला सहसा मूळ भाडे आणि इंधन अधिभार पूर्ण लागतो. विमानतळाचे आणि सुरक्षेचे जे शुल्क माणशी घेतात ते त्या सीटवर सहसा लागत नाही, कारण तिथे माणूसच नसतो. करातही फरक आहे. इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, तर त्यावरच्या वर्गांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला, आणि प्रीमियम इकॉनॉमी या वरच्या वर्गांत मोजली जाते. तुम्ही दोघे एकत्र जात आहात ही इथे सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. प्रीमियमचे भाडे इकॉनॉमीच्या दीडपट असेल, तर दोघांची दोन प्रीमियम तिकिटे आणि इकॉनॉमीच्या तीन सीटा यांचा खर्च जवळपास सारखाच होतो. आणि ज्या विमानात खिडकीकडे तीन-तीन सीटांचे गट असतात, तिथे तीन सीटा घेतल्या की तो अख्खा गट तुमचा होतो. परका शेजारीच राहत नाही, त्यामुळे कोणाला त्रास होईल ही यजमानांची रुखरुखही उरत नाही. मधली सीट जादा म्हणून घ्या, तुम्ही खिडकीकडे बसा आणि यजमानांना आइलला, म्हणजे मधल्या वाटेकडच्या सीटवर, बसवा, म्हणजे त्यांना कोणाला न उठवता अधूनमधून उभे राहून चालता येईल. एअरबस ए३३० मध्ये बहुतेक ठिकाणी २-४-२ अशी मांडणी असते, तिथे तुमच्या तीन सीटा मधल्या चारांत जातात आणि चौथी सीट परक्याची राहते. एकट्याने जाणाऱ्याला मात्र त्याच विमानातली कडेची जोडी उत्तम.

आरक्षण शक्यतो थेट कंपनीकडेच करा. प्रवासी संकेतस्थळांवरून एकाच नावाची दोन तिकिटे काढली तर कंपनीच्या यंत्रणेला ती चुकून झालेली दुबार नोंदणी वाटते आणि त्यातले एक तिकीट आपोआप रद्द होऊ शकते. जादा सीटसाठी ईएक्सएसटी असा ठरलेला संकेत आहे. तो त्याच पीएनआरमध्ये, प्रवाशाच्या आडनावाबरोबर नोंदवला जातो. फोनवर बोलताना हा शब्द उच्चारून सांगा, आणि नोंद झाल्यावर आलेल्या ई-तिकिटात तो दिसतो का ते पाहा. दोन्ही सीटा एकाच वेळी घ्याव्यात, कारण मागाहून घेतलेली सीट त्या दिवशीच्या भावाने मिळते आणि तोवर शेजारची जागा गेलेली असू शकते.

बाणेर

ताई, इतका खर्च करण्याआधी एक साधा उपाय करून पाहावा असे मला वाटते. मंगळवार-बुधवारचे विमान घ्यावे, वेब चेक-इन सुरू होताच मागच्या बाजूची अशी रांग निवडावी जिथे तुम्ही दोघे खिडकी आणि आइल घेऊन मधली सीट सोडू शकाल. दोघांच्या मधली एकटी सीट सहसा कोणी निवडत नाही. काही कंपन्या उड्डाणाच्या थोडे आधी शिल्लक सीट स्वस्तातही देतात. एमिरेट्सने जून २०२१ मध्ये अशी सोय सुरू केली होती. चेक-इन काउंटरवर विचारायचे आणि जागा शिल्लक असेल तर मार्गानुसार ५५ ते १६५ डॉलर भरून शेजारची सीट रिकामी ठेवायची. आपल्याकडे इंडिगोनेही जुलै २०२० मध्ये एका प्रवाशाला दोन सीटा देण्याची सोय जाहीर केली होती आणि दुसऱ्या सीटसाठी मूळ तिकिटाच्या २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम घेतली जात होती. म्हणून पूर्ण भाडे भरण्याची घाई नको.

दादरचा एजंट

बाणेरकर, तुमचा उपाय धडधाकट माणसासाठी चांगला आहे आणि मीही तो अनेकांना सुचवला आहे. परंतु या ताईंच्या बाबतीत तो सुचवायला माझे मन धजत नाही. २०२० ची ती सोय करोनाच्या काळातली होती. तेव्हा मधली सीट भरावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि मुंबई उच्च न्यायालयात गेला होता, विमाने अर्धी रिकामी उडत होती आणि रिकाम्या सीटचे चार पैसे आले तरी कंपनीला हवे होते. डिसेंबरातले अमेरिकेचे विमान ही अगदी उलटी परिस्थिती आहे. नाताळच्या सुट्ट्या, लग्नसराई आणि मुलांकडे जाणारे आईवडील, यांनी ती विमाने भरलेली असतात.

शिवाय संकेतस्थळावरच्या आराखड्यात जी सीट रिकामी दिसते ती विकली गेलेली नाही असे समजू नये. ज्यांनी पैसे भरून सीट निवडली नाही त्यांना ती काउंटरवर दिली जाते, आणि असे प्रवासी बरेच असतात. विमान सुटेपर्यंत मधली सीट रिकामी राहिली तर राहिली. सोळा तासांच्या प्रवासात ज्याची पाठ धरते त्या माणसाने अशा शक्यतेवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टोरोंटोकर

हा प्रश्न इथे मांडला गेला याचे मला फार बरे वाटले, कारण आपल्याकडे याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. कॅनडात या विषयावर कायदेशीर निर्णय झालेला आहे. कॅनेडियन ट्रान्सपोर्टेशन एजन्सीने जानेवारी २००८ मध्ये असा आदेश दिला की अपंगत्वामुळे ज्या प्रवाशाला सोबत मदतनीस लागतो किंवा स्वतःसाठी जादा सीट लागते, त्याच्याकडून देशांतर्गत प्रवासात एकाच सीटचे भाडे घ्यावे. ज्यांच्या बाबतीत स्थूलता हे अपंगत्व ठरते तेही यात आले. विमान कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिलाची परवानगी मागितली, ती सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नाकारली आणि २००९ च्या जानेवारीपासून नियम लागू झाला. मात्र तो कॅनडाच्या आतल्या प्रवासापुरता आहे; भारतातून येणाऱ्या विमानाला त्याचा आधार घेता येत नाही.

अमेरिकेत याबाबत प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे आहे. साउथवेस्ट कंपनी अनेक वर्षे जादा सीटचे पैसे प्रवासानंतर परत देत असे आणि गरजू प्रवाशांना तिचा मोठा आधार होता. २७ जानेवारी २०२६ पासून तिने ठरलेल्या सीटांची पद्धत आणली आणि त्याबरोबर हा नियमही कडक केला. आता जादा सीट आधीच विकत घ्यावी लागते आणि परतावा अटींवर मिळतो. अलास्का एअरलाइन्सकडे, प्रवासाच्या प्रत्येक विमानात एखादी तरी सीट रिकामी राहिली असेल तर, जादा सीटचे पैसे मागता येतात. युरोपमार्गे जाणाऱ्यांनी एअर फ्रान्सकडे चौकशी करावी, तिथे स्थूल प्रवाशांना दुसऱ्या सीटवर २५ टक्के सवलत देण्याची पद्धत आहे. न्यूअर्कहून पुढे कुठे अंतर्गत विमानाने जायचे असेल तर ही माहिती तुम्हाला उपयोगी पडेल.

एक सावधगिरी मात्र आवर्जून सांगतो. तिकीट एका कंपनीचे आणि विमान तिच्या भागीदार कंपनीचे असेल, तर जादा सीटची नोंद पुढच्या कंपनीकडे आपोआप पोहोचेल असे धरून चालू नये. ज्या कंपनीचे विमान प्रत्यक्ष उडणार आहे तिला स्वतंत्र फोन करून, तिच्या पीएनआरवर दोन्ही सीटा दिसतात का ते विचारून घ्यावे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने पहिल्या टप्प्यावर जादा सीट मिळवली आणि दुसऱ्या टप्प्यावर तीच सीट दुसऱ्या प्रवाशाला दिलेली पाहिली. पैसे दोन्ही टप्प्यांचे भरलेले होते.

कृष्णाकाठ

मला पायाच्या जुन्या दुखापतीमुळे गुडघा पूर्ण वाकवता येत नाही, म्हणून मी जादा सीट घेऊनच लांबचा प्रवास करते. अनुभवाने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दोन सीटांवर झोपता येईल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन सीटा मिळून जेमतेम तीन फूट भरतात. झोपण्यासाठी कंपन्या वेगळी सोय विकतात, जसे एअर न्यूझीलंडने २०११ मध्ये आणलेली तीन सीटांची पलंगासारखी रांग किंवा लुफ्तान्साने २०२१ मध्ये सुरू केलेली तशीच रांग, परंतु त्या ठरावीक मार्गांवर आणि ठरावीक विमानांतच मिळतात. आपल्या दोन सीटांवर मिळते ते म्हणजे कूस बदलता येणे, अंग सैल सोडून बसता येणे आणि उड्डाण स्थिरावल्यावर पाय थोडा तिरका ठेवता येणे. विमान सुटताना आणि उतरताना मात्र सरळच बसावे लागते.

दुसरे, पहिल्या रांगेतील सीट मिळाली म्हणून आनंदून जाऊ नये. पाय पसरायला मिळतात हे खरे, परंतु तिथेही ट्रे आर्मरेस्टमध्ये असतो आणि तो आर्मरेस्ट वर जात नाही. आपत्कालीन दाराजवळच्या रांगेचेही तसेच, आणि सीटच्या पट्ट्याला जोडपट्टा, म्हणजे पट्टा लांब करणारा तुकडा, लागणाऱ्या प्रवाशाला त्या रांगेत बसू देत नाहीत. यजमानांना जोडपट्टा लागत असेल तर तो चढतानाच केबिन क्रूकडे हळू आवाजात मागावा, त्या तो निमूटपणे आणून देतात. दोन सीटांचे दोन पट्टे एकमेकांत अडकवून चालत नाही. एकाच सीटचा पट्टा लावायचा असतो आणि जोड त्यालाच लावतात. पहिल्या रांगेत काही विमानांत हवेची पिशवी असलेला जाड पट्टा असतो, त्याला नेहमीचा जोड बसतच नाही.

तानपुरा

आम्ही कलाकार मंडळी तानपुऱ्यासाठी जादा सीट घेतो, म्हणून एकच मुद्दा जोडतो. सामानासाठी घेतलेल्या सीटचा संकेत सीबीबीजी असा असतो आणि माणसाच्या सोयीसाठी घेतलेल्या सीटचा ईएक्सएसटी. वाद्य खिडकीच्याच सीटवर बांधावे लागते, म्हणजे कोणाची वाट अडत नाही. फोनवरच्या कर्मचाऱ्याने चुकून सामानाचा संकेत टाकला तर काउंटरवर वस्तू कुठे आहे असे विचारतील आणि विनाकारण खोळंबा होईल. नोंद वाचून दाखवायला सांगावी.

कोथरूडकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्यासाठी मनापासून आभार. एकाच गटातल्या तीन सीटा घ्यायच्या हे आमचे जवळपास ठरले आहे. आता एजंटकाकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यजमानांना फोनवर आणि काउंटरवर स्वतःच्या शरीराविषयी बोलायला संकोच वाटतो, तर कारण सांगणे बंधनकारक असते का? आणि विमानतळावर पोहोचल्यापासून सीटवर बसेपर्यंत नेमके काय करावे, म्हणजे ती मधली सीट हातची जाणार नाही?

दादरचा एजंट

ताई, कारण सांगणे मुळीच बंधनकारक नाही. तुम्ही सवलत मागत नाही, पूर्ण पैसे मोजून सीट घेत आहात. सोयीसाठी जादा सीट हवी आहे, एवढे एक वाक्य पुरते. पैसे भरणाऱ्याने खाली मान घालून बोलावे असे यात काही नाही, हे यजमानांना माझ्याकडून अवश्य सांगा. हवे तर फोन तुम्ही करा. तिकिटे एकाच पीएनआरवर असल्याने दोघांच्या वतीने तुम्हाला बोलता येईल.

विमानतळावर खरा धोका गेटवर असतो. यंत्रणा प्रत्येक सीटसाठी बोर्डिंग पास मोजते. जादा सीटचा पास यंत्रावर दाखवला गेला नाही, तर तो प्रवासी आलाच नाही असे समजून ती सीट प्रतीक्षेतल्या माणसाला दिली जाते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो, यंत्रणेला तसेच दिसते. म्हणून वेब चेक-इनवर थांबू नका, काउंटरवर जा आणि तीन बोर्डिंग पास छापून घ्या. तिन्हींवरचे सीट क्रमांक सलग आहेत का ते तिथेच वाचा. गेटवर तिन्ही पास दाखवा आणि तिसरा जादा सीटचा आहे हे कर्मचाऱ्याला सांगून तो यंत्रावर लावायला लावा. आत शिरल्यावर केबिन क्रूला तो पास दाखवा, आणि विमान उतरेपर्यंत जपून ठेवा.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी एकदा आरक्षण उघडून विमानाचा प्रकार पाहा. ऐनवेळी विमान बदलले की सीटांची फेरमांडणी होते आणि तुमच्या तीन सीटा तीन रांगांत विखुरलेल्या सापडू शकतात. तसे दिसले तर त्याच दिवशी फोन करा, कारण गेटवर पोहोचेपर्यंत बाकीच्यांच्या सीटा पक्क्या झालेल्या असतात. जादा सीटवर चेक-इन सामानाची वाढीव मर्यादा मिळेल असे गृहीत धरू नका. काही कंपन्या हातातल्या सामानाची थोडी सूट देतात, ती तिकीट काढतानाच विचारून घ्या. तिकीट रद्द करायची वेळ आली तर जादा सीटलाही तेच रद्दीकरण शुल्क लागते का, हेही तेव्हाच विचारा.

एवढे करूनही सीट मिळाली नाही, तर तिथे वाद घालण्यात शक्ती घालवू नका. गेटवरच्या किंवा केबिनमधल्या वरिष्ठाकडून दोन ओळी लिहून घ्या, त्या मिळाल्या नाहीत तर वेळ आणि सीट क्रमांक स्वतः लिहून ठेवा. घरी पोहोचल्यावर ई-तिकीट आणि तिन्ही बोर्डिंग पास जोडून कंपनीला लेखी परतावा मागा. उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसले, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. परतीच्या तिकिटावरही हीच तीन सीटांची नोंद वेगळी तपासा; जाताना सगळे नीट झाले म्हणून येतानाची नोंद बघायची राहून जाते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.